पर्वतचित्रांतील भाव आणि अर्थ : कुओ शी, फ्रीडरिश व रोरिक यांच्या निवडक चित्रांच्या संदर्भात

प्रस्तावना

निसर्गचित्राला स्वतःचा असा आशय नसतो, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. व्यक्तिचित्रात व्यक्ती असते, प्रसंगचित्रात कथा असते. निसर्गचित्रात मात्र केवळ दृश्य असते आणि ते पाहून मन प्रसन्न झाले की रसिकाचे काम संपले, असे मानले जाते. पदवीच्या वर्गाला सौंदर्यशास्त्र शिकविताना प्रस्तुत लेखकाने एकदा हिमालयाच्या एका चित्राची प्रतिकृती दाखवून, 'या चित्रातून काय जाणवते?' असा प्रश्न विचारला. बहुतेकांचे उत्तर 'शांत वाटते' असे होते. ज्याचे गाव डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे असा एक विद्यार्थी मात्र म्हणाला, 'सर, आमच्याकडे आषाढात रात्री डोंगराकडे बघवत नाही.' वर्ग हसला. परंतु त्या उत्तराने एक प्रश्न उभा केला. पर्वत जर स्वभावतःच शांत असेल, तर या विद्यार्थ्याची भीती कोठून आली? आणि भाव केवळ पाहणाऱ्याच्या मनात असेल, तर एकाच चित्रासमोर बहुतेकांना एकच भाव का जाणवावा?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार तीन चित्रकारांच्या आधारे केला आहे : अकराव्या शतकातील चिनी चित्रकार कुओ शी, जर्मन स्वच्छंदतावादी चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश (१७७४-१८४०) आणि आयुष्याचा उत्तरकाळ कुलू खोऱ्यात घालविणारा रशियन चित्रकार निकोलस रोरिक (१८७४-१९४७). पर्वतचित्रातील भाव हा पर्वताचा गुणधर्म नसून चित्रकाराने पर्वत आणि पाहणारा यांच्यात जे नाते रचलेले असते त्याचा तो परिणाम होय, आणि त्या नात्यातच चित्राचा अर्थ शोधावा लागतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

संकल्पनांचा विचार

भारतीय रसविचारात निसर्गाला स्थान आहे. पण ते बहुधा दुय्यम आहे. नायक-नायिका हे आलंबनविभाव आणि चंद्र, उद्यान, मेघ, पर्वत हे उद्दीपनविभाव, अशी विभागणी उत्तरकालीन काव्यशास्त्रात स्थिर झाली. याचा अर्थ असा की, पर्वत भाव जागवितो असे नाही, तर आधीच जागलेल्या भावाला तो चेतवितो. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात चित्राच्या संदर्भात नऊ रसांचा उल्लेख आहे. परंतु मनुष्य किंवा देवता यांच्यावाचून केवळ पर्वत रसाचे आलंबन होऊ शकेल काय, हा प्रश्न आपल्या परंपरेत फारसा ऐरणीवर आला नाही. पर्वतचित्र या स्वतंत्र प्रकाराने तो पुढे आणला आहे. जेथे कथा नाही, नायक नाही, तेथे पर्वतालाच आलंबन व्हावे लागते. मग त्या भावाचा आश्रय कोण, हा दुसरा प्रश्न आपोआप येतो. या दोन प्रश्नांच्या साहाय्याने पुढील चित्रांकडे पाहता येते.

मराठी सौंदर्यविचारातही या प्रश्नाची बाजू दिसते. बा. सी. मर्ढेकर यांनी कलाकृतीचे सौंदर्य संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांत पाहिले. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी व अलौकिकतावादी या दोन्ही भूमिकांचा सविस्तर विचार केला. पर्वतचित्राचा अभ्यास करताना या दोन्ही बाजू आवश्यक ठरतात. रेषा, रंग, धुके व अवकाश यांची रचना न पाहता भावाविषयी बोलणे हे केवळ उद्गार काढणे होय. आणि ज्या जीवनातून ते चित्र आले त्याकडे पाठ फिरवून रचनेविषयी बोलणे अपुरे होय.

कुओ शी : राहण्याजोगा पर्वत

कुओ शी हा उत्तर सोंग राजवटीतील दरबारी चित्रकार. त्याचे 'आरंभीचा वसंत' हे रेशमावर शाईने व फिक्या रंगांनी काढलेले उभे चित्र १०७२ मधील असून, ते आज तैपेई येथील राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. त्याची उंची सुमारे १५८ सेंटिमीटर व रुंदी सुमारे १०८ सेंटिमीटर आहे.

शीर्षकात वसंत असला तरी चित्रात फुले नाहीत. झाडांच्या फांद्या खेकड्याच्या नांग्यांसारख्या वाकलेल्या व बहुतांशी उघड्या आहेत. वसंत सूचित होतो तो धुक्यातून आणि पाण्यातून. गोठलेले जे होते ते सुटू लागले आहे, जमिनीतून ओल वर येत आहे, अशी जाणीव चित्रभर पसरते. मधला पर्वत वळणे घेत वर चढतो. धुक्याने तो ठिकठिकाणी तुटतो आणि पुन्हा प्रकट होतो. खडकांचे आकार ढगांसारखे आहेत, त्यामुळे घन काय आणि विरळ काय, याची सीमा पुसट होते. धुके येथे काही झाकण्यासाठी आलेले नाही. ते पर्वताला श्वास देते.

या चित्राला एकच दृष्टिबिंदू नाही. पायथ्याकडून शिखराकडे पाहणे, समोरून मागच्या दऱ्यांत डोकावणे आणि जवळच्या टेकडीवरून दूरच्या सपाटीकडे पाहणे, अशा तीन प्रकारच्या अंतरांचा विचार कुओ शीने मांडला होता. त्याचे चित्रविषयक विचार त्याच्या पुत्राने ग्रंथरूपाने संकलित केले. या तिन्ही दृष्टी एकाच चित्रात नांदत असल्याने प्रेक्षक एका जागी उभा राहू शकत नाही. त्याची नजर खालच्या पाण्याकाठच्या माणसांपासून निघते, पायवाटेने वर जाते, उजवीकडील कपारीतल्या देवालयाच्या छपरांपाशी थांबते आणि पुन्हा धुक्यात शिरते. चित्रातील माणसे इतकी लहान आहेत की प्रथमदर्शनी ती दिसतही नाहीत. मात्र ती भयभीत नाहीत. ती आपापल्या कामात आहेत.

येथे पर्वत हेच आलंबन आहे आणि भावाचा आश्रय चित्राबाहेरचा प्रेक्षक आहे. परंतु हा प्रेक्षक कोण, हे पाहिल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. राजसेवा आणि मातापित्यांविषयीचे कर्तव्य यांमुळे ज्याला अरण्यात निघून जाता येत नाही, त्याला घरबसल्या पर्वतात वावरता यावे, हे पर्वतचित्राचे प्रयोजन कुओ शीने मानले. पाहण्याजोग्या व ओलांडून जाण्याजोग्या पर्वतापेक्षा त्याने राहण्याजोगा व रमण्याजोगा पर्वत श्रेष्ठ ठरविला. म्हणजे या चित्रातील प्रसन्नतेच्या तळाशी एक उणीव आहे : ज्याला जाता येत नाही त्याचे हे जाणे आहे. शिवाय मुख्य शिखर व भोवतालची लहान शिखरे यांचे नाते राजा आणि सभाजन यांच्यासारखे असावे, असेही तो मानतो. सम्राट शेनत्सुंगच्या दरबारात, १०६९ पासून सुरू झालेल्या मोठ्या शासकीय सुधारणांच्या काळात हे चित्र निर्माण झाले, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील सुव्यवस्थित वसंताला राजकीय अर्थही लाभतो. ज्या चित्राला आपण सहज 'शांत' म्हणू, त्या शांततेत विरह आहे आणि सत्तेने स्वतःविषयी बाळगलेले स्वप्नही आहे.

फ्रीडरिश : पाठमोरा मनुष्य आणि ओसाड शिखर

फ्रीडरिशच्या 'धुक्याच्या सागरावरील पांथस्थ' या सुमारे १८१८ मधील तैलचित्रात हे नाते पूर्णपणे बदलते. हे चित्र हँबुर्ग येथील कलासंग्रहालयात आहे. गडद खडकावर एक मनुष्य पाठमोरा उभा आहे. हातात काठी आहे, केस वाऱ्याने विस्कटले आहेत. समोर धुक्याचा पसारा असून त्यातून खडकांचे सुळके वर आले आहेत. या सुळक्यांचे आकार सॅक्सनीतील एल्ब नदीकाठच्या वालुकाश्म डोंगरांत केलेल्या अभ्यासरेखाटनांतून आलेले आहेत. पण ते वेगवेगळ्या ठिकाणचे असून चित्रकाराने त्यांना एकत्र आणले आहे. म्हणजे हे एखाद्या विशिष्ट स्थळाचे दर्शन नव्हे, ती रचना आहे.

येथे भावाचा आश्रय चित्रातच उभा आहे. परंतु त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. त्याला काय वाटते आहे, विजय, भय, की रितेपणा, हे सांगणारे सर्व अनुभाव चित्रकाराने आपल्यापासून दडविले आहेत. नाट्यात आश्रयाच्या मुद्रेवरून आपण त्याचा भाव ओळखतो. येथे ती मुद्राच काढून घेतल्यामुळे त्याची जागा आपल्याला घ्यावी लागते. शिवाय ही आकृती चित्राच्या मध्यभागी असल्याने, जे पाहण्यासाठी आपण आलो तेच ती काही अंशी झाकते. तो आपल्याला दृश्याकडे नेतो आणि अडवितोही. मर्ढेकरांच्या परिभाषेत येथे विरोधलय प्रभावी आहे : गडद व फिका, घन व विरळ, उभा मनुष्य व आडवा पसारा.

पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्रात बर्कने १७५७ मध्ये व कांटने १७९० मध्ये उदात्ताची मीमांसा केली. प्रचंड निसर्गशक्ती सुरक्षित जागेवरून पाहताना मनुष्याला प्रथम स्वतःचे क्षुद्रत्व आणि नंतर स्वतःच्या विवेकाचे मोठेपण जाणवते, असा कांटच्या विवेचनाचा आशय आहे. पांथस्थाचे चित्र या विचाराचे उदाहरण म्हणून नेहमी दाखविले जाते. ते योग्यच आहे. मात्र त्यातील 'सुरक्षित जागा' ही अट महत्त्वाची आहे. पांथस्थ कड्यावर असला तरी त्याच्या पायाखालचा खडक पक्का आहे. तो खडक हलला, तर उदात्त उरणार नाही. केवळ भय उरेल. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

फ्रीडरिशने आरंभी अर्थ बाहेरून बांधण्याचाही प्रयत्न केला होता. 'पर्वतावरील क्रूस' (१८०७-०८) या वेदीचित्रात शिखर, देवदार जातीचे वृक्ष आणि क्रूस आहेत. १८०९ मध्ये रामडोर या समीक्षकाने या चित्रावर कठोर टीका केली. निसर्गचित्राने वेदीवर चढावे, हेच त्याला अनुचित वाटले. उत्तरादाखल चित्रकाराने खडक म्हणजे अढळ श्रद्धा, सदाहरित वृक्ष म्हणजे आशा, असा अर्थ उलगडून सांगितला. हा वाद निसर्गचित्राच्या इतिहासात मोलाचा आहे. कारण पर्वताला अर्थ असू शकतो काय, हा प्रश्न त्यात उघडपणे विचारला गेला. तथापि असे कोष्टक हाती आल्यावर चित्र पाहण्याची गरज कमी होते, हेही खरे. 'पांथस्थ' या चित्राला असे कोष्टक पुरत नाही आणि म्हणूनच ते अधिक टिकते.

बर्लिन येथील 'वात्समान' (१८२४-२५) या चित्रात तर मनुष्य, क्रूस, वाट यांपैकी काहीच नाही. पुढे खडकाळ, रानवट उतार आणि मागे हिमाच्छादित शिखर एवढेच आहे. विशेष म्हणजे फ्रीडरिशने आल्प्स पर्वत कधीही प्रत्यक्ष पाहिला नव्हता. शिखरासाठी त्याने एका शिष्याचे जलरंगचित्र वापरले आणि पुढील खडकांसाठी हार्ट्स पर्वतातील स्वतःचे रेखाटन घेतले. तरीही या शिखराची दूरता खरी वाटते. मधल्या उतारावरून शिखरापर्यंत जाणारी एकही वाट चित्रकाराने ठेवलेली नाही, हे तिचे कारण होय. कुओ शीचा प्रेक्षक पर्वतात शिरतो. या चित्राचा प्रेक्षक बाहेर राहतो. येथे आश्रयही नाही. चित्र जणू कोणासाठीच नाही, असा कठोर भाव निर्माण होतो.

रोरिक : प्रतीक झालेला हिमालय

निकोलस रोरिक १९२३ च्या अखेरीस भारतात आला. १९२५ ते १९२८ या काळातील मध्य आशियाच्या प्रवासानंतर तो कुलू खोऱ्यातील नग्गर येथे स्थायिक झाला आणि १९४७ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये ज्या मोजक्या चित्रकारांच्या कृतींना कलानिधीचा दर्जा मिळाला, त्यांत रोरिकचा समावेश आहे. फ्रीडरिशने न पाहिलेला पर्वत रंगविला. रोरिक आपल्या पर्वताच्या सान्निध्यात सुमारे दोन दशके राहिला.

त्याची हिमालयचित्रे टेंपेरा या माध्यमात आहेत. रंगाचे सपाट, निथळ थर, निळ्या-जांभळ्या छटांची चढती-उतरती श्रेणी, एकामागे एक उभ्या केलेल्या डोंगररांगा आणि सर्वांत मागे उजळलेले शिखर, ही त्याची ओळखीची रचना आहे. १९१३ मध्ये पॅरिस येथे सादर झालेल्या स्ट्राव्हिन्स्कीच्या 'वसंतविधी' या नृत्यनाट्याचे नेपथ्य व वेशभूषा रोरिकचीच होती. हे लक्षात ठेवून पाहिले म्हणजे त्याच्या डोंगररांगा रंगमंचावरील पडद्यांसारख्या एकामागे एक सरकविलेल्या आहेत, असे जाणवते. त्यांच्यापुढे काही तरी घडणार आहे, अशी प्रतीक्षा चित्रात असते.

त्याच्या 'शोधाचा मोती' (१९२४) या चित्रात गुरू व शिष्य मोत्यांच्या हारात एक विशिष्ट मोती शोधीत आहेत. मागे ढगांच्या वर कांचनजंगेची रांग आहे. फ्रीडरिशच्या चित्रातही खाली धुक्याचा सागर आणि वर मनुष्य आहे. परंतु पांथस्थ पर्वताकडे पाहतो, तर रोरिकच्या गुरुशिष्यांचे लक्ष हारावर आहे. पर्वत त्यांच्या साधनेचा साक्षी आहे. काव्यशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर आलंबन झालेला पर्वत येथे पुन्हा उद्दीपन झाला आहे. याला दोष म्हणण्याचे कारण नाही. शांतरसाला पोषक असे स्थान म्हणून हिमालय आपल्या परंपरेत प्राचीन काळापासून मान्य आहे आणि रोरिकने ती परंपरा मनापासून स्वीकारली.

तथापि समीक्षकाला येथे एक शंका नोंदवावीशी वाटते. रोरिकने हिमालय असंख्य वेळा रंगविला. सेझानने (१८३९-१९०६) देखील सेंत-व्हिक्तवार हा एकच पर्वत पुनःपुन्हा रंगविला. परंतु सेझानच्या प्रत्येक चित्रात पर्वत नव्याने प्रश्न होतो. रंगाचा एकेक ठिपका चाचपडत, तपासून ठेवल्यासारखा दिसतो. रोरिकच्या मालिकेत मात्र अनेकदा उत्तर आधीच ठरलेले असते. शिखर म्हणजे अध्यात्म, निळा म्हणजे अनंत, हे समीकरण पक्के झाले की विशिष्ट दरी, विशिष्ट प्रहर, विशिष्ट हवामान यांचे महत्त्व उरत नाही. त्याची उत्तम चित्रे या समीकरणाला अपवाद आहेत. ज्या लहान चित्रांत केवळ पहाटेचा एक क्षण, एखाद्या कड्यावर पडलेला गुलाबी उजेड आणि खाली अजून न हटलेली रात्र एवढेच आहे, तेथे तो उपदेशक राहत नाही, साक्षीदार होतो. चित्रकार पर्वताजवळ राहिला म्हणजे त्याची दृष्टी आपोआप ताजी राहते असे नाही. आणि दूर राहिला म्हणून ती खोटी ठरते असेही नाही. फ्रीडरिश व रोरिक यांच्या तुलनेतून हा निष्कर्ष निघतो.

सुरक्षित जागेचा प्रश्न

आता प्रारंभीच्या विद्यार्थ्याच्या उत्तराकडे वळू. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी दरडीखाली सापडली. हिमालयातही २०१३ मध्ये केदारनाथ परिसरात व ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात जे घडले, ते सर्वांना ज्ञात आहे. 'अचल' हा पर्वताचा पर्यायशब्द आपण सहज वापरतो. या घटनांनंतर तो शब्द तितक्या सहजपणे वापरता येत नाही.

याचा पर्वतचित्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, वर पाहिलेल्या तिन्ही चित्रकारांचा प्रेक्षक पायाखालच्या जमिनीविषयी निर्धास्त आहे. कुओ शीचा प्रेक्षक नगरातील घरात आहे, फ्रीडरिशचा पक्क्या खडकावर आहे, रोरिकचा साधनेच्या उंचीवर आहे. पर्वताच्या पायथ्याशी घर असलेल्या माणसाची जागा या चित्रांत प्रेक्षक म्हणून नाही. कुओ शीच्या चित्रात पाण्याकाठी ती माणसे आहेत. पण ती पाहिली जातात, पाहत नाहीत. आपल्याकडील जलरंगातील बाह्यदृश्यांतही डोंगर पुष्कळदा मागील निळ्या पट्टीपुरता उरतो. घाट, देऊळ, झाड पुढे येते आणि सह्याद्री पार्श्वभूमी होतो. म्हणून 'शांत वाटते' हे उत्तर चुकीचे नसले तरी ते एका विशिष्ट जागेवरून दिलेले उत्तर आहे, हे ओळखणे आवश्यक ठरते. त्या विद्यार्थ्याने चित्र चुकीचे वाचले नव्हते. चित्राने गृहीत धरलेली जागा त्याच्यापाशी नव्हती, एवढेच. आणि ती जागा नसल्यामुळेच, इतरांना न दिसलेली चित्राची एक अट त्याला दिसली. वर्गाने हसावे असे त्यात काही नव्हते, हे त्याच वेळी वर्गाला सांगावयास हवे होते, अशी खंत प्रस्तुत लेखकाला आहे.

निष्कर्ष

१. पर्वतचित्रातील भाव हा पर्वताचा अंगभूत गुण नव्हे, तसाच तो प्रेक्षकाचा खाजगी लहरीपणाही नव्हे. दृष्टिबिंदू, अंतर, धुके, वाट आणि मानवी आकृतीचे प्रमाण यांच्या रचनेतून तो सिद्ध होतो.

२. धुके हा घटक तिन्ही चित्रकारांत आहे. पण कुओ शीकडे ते जोडते, फ्रीडरिशकडे ते तोडते आणि रोरिकच्या ढगांत ते लौकिक व अलौकिक यांच्यातील सीमारेषा होते. एकाच घटकाचा अर्थ रचनेनुसार बदलतो.

३. आलंबन व आश्रय या संकल्पना पर्वतचित्राच्या आकलनासाठी उपयुक्त ठरतात. पर्वत आलंबन आहे की उद्दीपन, आणि आश्रय चित्रात आहे, बाहेर आहे की नाहीच, हे पाहिले म्हणजे भावाचे स्वरूप नेमकेपणाने सांगता येते.

४. प्रतीकाने चित्राला अर्थ मिळतो, परंतु ते ठरीव झाले की पाहणे थांबते. 'पर्वतावरील क्रूस' आणि रोरिकची काही हिमालयचित्रे यांची मर्यादा येथेच आहे.

५. उदात्ताचा व शांताचा अनुभव सुरक्षित जागेवर अवलंबून असतो. ती जागा ज्यांना नाही त्यांच्या दृष्टीतून सह्याद्रीचे चित्र काढले गेले, तर त्याचा भाव वेगळा असेल. तसे चित्र एखाद्या पायथ्याच्या गावातील विद्यार्थ्याने काढावे आणि त्या वेळी वर्गाने न हसता ते पाहावे, एवढी अपेक्षा व्यक्त करून हा लेख येथे थांबवितो.